दुसरी बाजू, तिसरं गाणं

ग्रिम्सबीच्या गोदीवरचा बर्फकारखाना बंद पडला
त्या आठवड्यात नेव्हिलने आणली ही तबकडी:
चौदा बँड, एकाच्या किमतीत,
वर एक जांभळा त्रिकोण, कशासाठी कोण जाणे.

केसांना साखरपाणी, डोळ्यांत माझं काजळ.
सिंथेसायझर घुमला की तो उडी मारायचा
आणि सुई घसरायची.
म्हणून तिसऱ्या गाण्यात एक ओळ कायमची कमी.
आम्ही ते तसंच पाठ केलं, भोकासकट.
तिथे दोघंही श्वास घ्यायचो.

काल त्याच्या लेकीने सीडी पाठवली.
सोबत चिठ्ठी: बाबांच्या सामानात नव्हती, नवी घेतली.
स्वच्छ आवाज. खरखर नाही.
भांडी विसळत होते, आणि ती ओळ आली,
चाळीस वर्षांनी.
विशेष काही नव्हतं तिच्यात.
कुणीतरी बसची वाट बघतंय, एवढंच.

नळ बंद केला. गाणं मागे नेलं.
पुन्हा तीच ओळ, तोच थांबा.

तिसऱ्या खेपेला मात्र, ती यायच्या आत,
साठीच्या गुडघ्यांनी, ओल्या सपातांनी
मी उडी मारली.

कपाटातल्या बश्या वाजल्या.
सीडी ढिम्म.