पंधरा इंचाची पेटी

देवानंद विचारतो, "घेऊ का जी?
नऊ हजारात देते म्हणते नागपूरवाला.
पंधरा इंची, चाकं लावलेली, समोर जाळी."
वडशाला, नाटक कंपन्यांच्या बोर्डांखाली
आम्ही दोघं उभे.
सतरा सीझन बेस वाजवलेल्या माणसाच्या तोऱ्यात
मी म्हणतो, "थांब, सांगतो,"
आणि सांगायला काही सापडत नाही.

माझी पहिली साडेचार हजारांची.
आई म्हणाली, पेटी आणली म्हणतोस, मग सूर कुठं आहेत तिचे?
आमच्या गावात पेटी म्हणजे हार्मोनियम.
हिला ना काळी पट्टी ना पांढरी,
एक मोठं गोल तोंड
आणि खाली कोपऱ्यात श्वास घ्यायला भोक.

लाकूड म्हणावं तर लाकूडही नव्हतं.
दाबलेला भुसा, वरून काळं जाजम चिकटवलेलं.
पहिल्याच जानेवारीत, लाखांदूरकडे,
धान निघालेल्या बांधीत
रात्रभर दहिवर पिऊन तिचा कोपरा फुगला,
चहात बुडवलेल्या टोस्टासारखा.
तिसऱ्या अंकात, नायिका विष घेते त्या जागी
मी खालची तार सोडली
आणि खुळखुळा वाजला.
पुढच्या रांगेतलं पोर हसलं.
नायिकेनं मरता मरता माझ्याकडे पाहिलं.

केवळराम मिस्त्रीनं तिला ठोकून पाहिलं,
कलिंगड पाहावं तसं, कान लावून.
"हिच्या आत काहीच नाही बाप्पा."
मग सागाच्या चार पट्ट्या आडव्या मारल्या, सरस ओतला.
मी जुन्या गादीतला सावरीचा कापूस भरला.
पोळ्याच्या आदल्या दिवशी मागची फळी उघडली
तर कापसात पाच गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेली.
फळी तशीच लावली.
पंधरा दिवस तार छेडली नाही.
कंपनीच्या मालकाला सांगितलं, वायर तुटली.

हे सगळं नऊ हजारात येतं का, माहीत नाही.

एकदा ब्रह्मपुरीला
नागपूरच्या ऑर्केस्ट्राची पेटी वाजवायला मिळाली.
चौघांनी टेम्पोतून उतरवली, पाचवा शिव्या देत होता.
खालची तार नुसती टेकवली
तर स्टेजखालची तणस हलली,
माझ्या बरगडीत कुणीतरी दार लोटलं.
तेव्हा कळलं, इतकी वर्षं जो खर्ज मी वाजवत होतो
तो बोटात होता, कानात होता,
पेटीत नव्हता कधीच.
स्वस्तातली पेटी खर्जाची सावली तेवढी देते.
उरलेलं ऐकणारा आपल्या पदरचं घालतो.

आणि घालतो की!
कापडावर रंगवलेला महाल
वाऱ्यानं पोट फुगवून हलत असतो,
राजाच्या मुकुटाची चमकी ओघळत असते घामानं,
आणि तीन हजार माणसं, डोक्यावरून ब्लँकेट घेऊन,
त्याला महालच समजतात पहाटेपर्यंत.
फुकट नाही, तिकीट काढून.
लेकरं झोपतात माझ्या पेटीसमोर तणसावर,
त्यांच्या पोटात काहीतरी गुरगुरतं,
झोपेत कूस बदलतात.
त्यांना कुणी सांगितलं नाही हा सूर अर्धा आहे.

मला मात्र कळतं आता.
ब्रह्मपुरीनंतर प्रत्येक रात्री
सावली सावलीसारखीच ऐकू येते,
आणि मी तार जरा जास्त जोरानं ओढतो.
तर्जनीला घट्टा पडलाय, हा बघ.

"म्हणजे घेऊ का नको?"
देवानंद अठरा वर्षांचा. त्यानं पैसे
मामाच्या राइस मिलवर पोती उचलून जमवले,
आणि ते आत्ता त्याच्या खिशात आहेत,
हात सारखा तिकडे जातोय.

घे, म्हटलं.
पण हँडलचे स्क्रू आधी बदल, ते पहिल्या बंडीच्या धक्क्याला निघतात.
जमिनीवर ठेवू नको, खाली विटा मांड.
पावसाळ्यात मागची फळी उघडताना हळू उघड.
आणि नागपूरवाल्यांनी कधी त्यांची दिली वाजवायला,
तर वाजव.

सीझन संपल्यावर वाजव.