अर्धा तक्ता

दारूखान्यात माझी वखार.
फोडलेल्या जहाजांची कपाटं, पाडलेल्या घरांच्या चौकटी,
सगळं इथे येतं आणि घनफुटावर जातं.
तीस वर्षं लाकूड डोळ्यांनी पाहिलं,
खांद्यावर तोललं, नखाने कोरून बघितलं.
कान कधी लावला नव्हता.

ती आली मे महिन्यात, भर दुपारी.
ग्लेंडा तुस्कान, मरोळ गावठाणातली.
काय हवंय विचारलं तर म्हणाली, बघते.
आणि फळी चिमटीत लोंबती धरून
बोटाच्या पेराने ठोकत सुटली,
एक झाली की दुसरी.
आमचा इस्राईल हसायला लागला.
म्हटलं, बाई, लाकूड आहे. आत कोणी राहत नाही.

म्हणाली, गिटार करायचीय.

मी सागवान काढलं. बर्मा, कप्तानाच्या केबिनमधलं,
ज्याच्यासाठी लोक माझे पाय धरतात.
एकदा ठोकलं, ठेवून दिलं.
"तेलकट आहे. सरस धरत नाही,
आवाजही पिऊन बसतं."
सागवानाला नापास करणारं माणूस
मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग शिसवी कपाटाचं एक दार,
आरसा गेलेला, बिजागऱ्या हिरव्या.
ठोकलं. या वेळी मलाही ऐकू आलं.
टण् नाही, ठप् नाही, मधलंच काहीतरी,
आणि ते लगेच संपलं नाही.
"ही पाठ. खर्ज खोल जाईल, वरचा सूर काचेसारखा.
मामाची होती महोगनीची, कोरडी, सरळ,
लग्नाच्या गोंगाटातही शब्दन्‌शब्द कळायचा.
मला मात्र मागे उरणारं पाहिजे."

पाठ एकवेळ कशीही चालेल, म्हणे,
पुढचा तक्ता चुकला की नुसतं खोकं.

कोपऱ्यात पियानोचा सांगाडा होता, ताडदेवहून आलेला.
तारा आणि बीड भंगारवाल्याने आधीच नेलेलं.
उरलेली पांढरट, हलकी फळी मी जळणात टाकलेली.
तिने ती ओढून काढली, धूळ पदराने नाही, ओठांनी फुंकली,
नख फिरवत रेषा मोजल्या. इंचात बावीस.
"थंडीतलं झाड. वर्षाला केसाएवढं वाढलेलं.
वर शंभर वर्षं कुणीतरी वाजवलंय याला."
शंभर कशावरून?
"बरं, ऐंशी."
मग मान वर करून,
"उरलेला अर्धा कुठाय?"

सोमवारी गेला. माझगावच्या बेकरीला, भट्टीसाठी.

ती काहीच बोलली नाही.
होतं त्यात दोन तुकडे बसतात का, वितीने मोजत राहिली.
बसले, जेमतेम.
किती सांगावे कळेना, मी जळणाचा भाव सांगितला.

पावसाळाभर तिने फळ्या माळ्यावर बल्बखाली ठेवल्या,
आपल्या हवेत लाकूड फुगतं, गुंगीत बोलतं, म्हणून.
पुढच्या मार्चात आली. काट्यावर बसली, जिथे आम्ही माल तोलतो.
शेजारची करवत चालूच होती, तिला कोण थांबवणार.
मला त्या गाण्यातलं काही कळलं नाही.
एवढंच कळलं की बोट उचललं तरी
करवतीच्या खालून काहीतरी चालत राहिलं होतं,
आणि तिचं कपाट, माझं जळण
यातलं नेमकं कोण, ते सांगता येत नव्हतं.

त्या रात्री घरी जेवायचं टेबल ठोकलं.
प्लायवुड. ठप्प.
बायको म्हणाली, वाढतेय, थांबा जरा.

सकाळी माझगावला गेलो.
अस्लमभाईंना विचारलं, मागच्या उन्हाळ्यातली
ती पांढरी फळी आठवते?
"आठवते ना शेठ. हलकी होती, भुर्रकन गेली.
पण जळताना वाजत फार होती."

एक लादी पाव घेतला.
गरम होता.