तीन पाणी

जेल रोडच्या इद्रिसभाईंना सांगितलं,
आत्ता कापा, समोर कापा, आणि माझ्याच डब्यात द्या.
ते हसले : "साहेब, कोंबडी घेताय का नोट तपासताय?"
दोन्ही, म्हणालो. सवय आहे.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये
कागद उजेडाला धरून चूक शोधली,
निवृत्त झालो तरी डोळे अजून ड्यूटीवर.

पिशवीत बर्फ, बर्फात डबा,
स्कूटर सरळ घरी. वाटेत भाजीलाही थांबलो नाही.
कोथिंबीर आदल्या दिवशीच आणून ठेवलेली.

पाच महिन्यांनी घरात चिकन येतंय.
तेजलच्या पोटात आता सिंधूची एक किडनी आहे,
आणि ती परकी वाटू नये म्हणून रोजच्या गोळ्या,
ज्या तिच्या अंगातल्या पहारेकऱ्यांना पेंगवत ठेवतात.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं :
कच्चं काही नाही. अर्धकच्चं काही नाही.
आणि खाली रेघ मारून : कोंबडी नळाखाली धुवायची नाही.

सिंधूला हे पटेना.
"न धुता? आमच्या निफाडला
मीठ-हळद चोळून तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय
चुलीपाशी नेत नसत.
आणि तुम्ही म्हणे तशीच टाकणार!"
दारात उभी राहिली, डाव्या कुशीवर हात धरून,
जिथे थंडीत अजून ओढ बसते.
एवढं देऊन बसलेल्या बाईशी वाद कसा घालायचा?

घातला नाही.
एक बटाटा घेतला, त्याला ओलं कुंकू फासलं,
आणि नळ सोडला, रोज सोडतो तेवढाच.
मग आम्ही दोघं चष्मे लावून शोधत बसलो.
एक ठिपका ओट्यावर. दोन पोळपाटावर.
चिरलेल्या काकडीवर, साखरेच्या डब्याच्या झाकणावर,
माझ्या बनियनवर.
आणि पालथ्या घातलेल्या
तेजलच्या गोळ्यांच्या पेल्यावर,
अगदी काठाशी, लालभडक, एक.

सिंधू काही बोलली नाही.
पेला उचलला, गरम पाण्यानं घासला,
आणि बाहेरच्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवला.
काकडी टाकून दिली.

मग ओटा धुऊन कामाला लागलो.
लाल फळी फक्त कोंबडीची; कांद्याची पांढरी, लांब.
ओल टिपली कागदी रुमालानं, रुमाल पिशवीत, पिशवीला गाठ.
नळ कोपरानं उघडला.
साबण, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.
सुट्टीच्या भोंग्याआधी शाई अशीच काढायचो,
पण शाई निदान दिसायची.

कांदा-खोबरं सिंधूनं भाजलं,
स्टुलावर बसून, पार काळपट होईस्तोवर.
काळ्या मसाल्याचा वास जिना उतरून गेला,
तळमजल्यावरून गांगुर्डेंनी विचारलंच, "पाहुणे का हो?"
नाही. घरचीच आहे.

उकळी. झाकण. पंचवीस मिनिटं घड्याळाची,
वर दहा माझ्या भीतीची.
तंगडी काढली, हाडापर्यंत चिरली, ट्यूबलाइटखाली धरली.
गुलाबी कुठेच नाही. निघालेलं पाणी नितळ.
सांध्यापाशी पुन्हा पाहिलं,
गठ्ठा पास करण्याआधी शेवटचा कागद पाहावा तसं.

तेजलनं भाकरी कुस्करली,
रस्सा ओतला, एक घास, डोळे मिटले.
"बाबा, मीठच नाहीये."
मिठाचंही होतं कागदावर, तिसऱ्या ओळीत.
"माहितेय," म्हणालो. "जेव."

उरलेलं पातेलं रात्रभर ओट्यावर राहायचं आमच्याकडे,
सकाळी मुरलेलं छान लागतं म्हणून.
आज तासाभरात पसरट डब्यात, डबा फ्रिजमध्ये.

साडेदहाला स्वयंपाकघरात दिवा दिसला.
सिंधू उभी होती, साबणाचं फडकं घेऊन,
नळाची मूठ पुसत.
एकदा पुसली.
फडकं पिळून पुन्हा.
मग, मी पाहतोय हे कळूनही,
तिसऱ्यांदा.