कोठडीस योग्य

रात्री पावणेदोनला म्हापशाच्या इस्पितळात
त्याला आणलं, तोंडावर काळं कापड.
निरीक्षक म्हणाला, डॉक्टर, सही तेवढी.
अंगावर ताज्या खुणा: नाहीत.
कोठडीस योग्य: होय.
बरोबरच्या खुणा त्यांनीच करून आणल्या होत्या,
माझा वेळ वाचावा म्हणून.

मी म्हटलं, हात दाखव.
उघडले त्यानं. सुजून पावासारखे.

तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही.
मला ठाऊक नाही.
फॉर्मवर तसा रकाना नाही.

सकाळी बालकांवात बाबा, पेपर, चहा.
आत टीव्हीवर चौघे तावातावानं:
बॉम्ब पेरलाय, घड्याळ चालू आहे, मग काय कराल?
बाबा म्हणाले, हाणायलाच हवा.
आज शुक्रवारचा बाजार, विचार कर.

केला मी विचार. खरंच केला.
मिरच्यांच्या गोणी, चोरीसाच्या माळा,
मडकी मांडून बसलेली ती डिचोलीची बाई.
फुटलंच काही, तर शिवायला
मीच असणार टेबलाशी.

मग बाबांचा तिरका अंगठा दिसला,
ज्यानं ते बांगड्याचा काटा काढतात.
पाल्मातोर: लाकडी पळी, मधोमध पाच भोकं,
फटक्यागणिक कातडी भोकांत ओढली जाते.
पाकले गेले, पळी कुठल्याच यादीत सापडली नाही.
कुणीतरी घरी नेली असेल.

बाबा, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?

ताम्रपटाखाली बसलेल्या माणसाला
हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
चहावर साय धरली.
"इनासचं नाव. इनास पोदेर."
तो होता तुमच्यात?
"छे. पाव विकायचा.
तेव्हा पोदेर चालत यायचे, काठीला खुळखुळे लावून.
पहाट झाली होती. खिडकीतून तेवढंच ऐकू आलं,
तेच तोंडातून गेलं."

आणि?

"आग्वादहून सुटला दोन वर्षांनी.
काठी धरता येईना."

आत चौघे अजून भांडतायत.
फॉर्म माझ्या पर्समध्ये, चार घड्या, कोरा.
निरीक्षकाचे तीन मिस्ड कॉल.

फाटकाशी सायकलचा भोंगा वाजला, पों पों.
पाव घ्यायला बाबा कधीच उठत नाहीत.
आजवर मला वाटायचं,
गुडघे दुखतात.