खळ

पाषाणच्या लॅबमध्ये राक्षेकाका
साबुदाण्याच्या खळीत प्रोब बुडवतात.
आवाज कानांच्या पलीकडला,
आपल्या वाट्याला येते ती नुसती किरकिर.
बीकरभोवतीचा बर्फ भराभर वितळतो.

मघा चमच्याला धरून होती खळ,
आता पाण्यासारखी सांडते.
साखळी मधोमध तुटते,
लांब असेल ती आधी.

"रास्ता पेठेत लाँड्री होती आमची,"
वहीत आकडा मांडता मांडता काका सांगतात,
"कांजीचे हात सगळ्यांचे. चौघे भाऊ.
तुटलो ते दोन-दोन."

वीस मिनिटं. चाळीस. ताशी बर्फ बदलला.
मग आकडा हलेचना.
एका लांबीच्या खाली
कितीही वाजवा,
तुटत नाही.

काका बटण बंद करतात,
कानातला कापूस काढतात,
"काही म्हणालीस?"