एरंडाचं गुऱ्हाळ

ओसाड गावी एरंड बळी, असं आपण म्हणतो.
रील नदीकाठी ओसाडी नाही. सफरचंदाच्या बागा,
ओल्या कुरणात ठिपक्याठिपक्यांच्या गायी,
आणि कुंपणापलीकडे नळ्यांचं, वाफेचं रान.
एरंड तिथे झाड म्हणून कुणी पाहिलेलाच नाही.
तो टँकरमधून येतो,
जाड, पिवळट, भलत्या वेळी आलेल्या पाहुण्यासारखा गप्प.

ओदिल केनेलची रात्रपाळी.
लहानपणी महिन्याच्या पहिल्या रविवारी
मावशी नाक दाबून एक चमचा पाजायची.
अजून वास आला की जीभ आत वळते.
तेव्हाही ते पोटासाठीच होतं,
ही एकतीस वर्षंही पोटासाठीच.

तेलातलं आम्ल म्हणजे अठरा कार्बनांची काडी.
पाचशे अंशांपुढच्या वाफेत धरली
की ठरल्या जागी मोडते.
सातचा तुकडा अत्तरवाल्यांकडे जातो,
कुणाच्या तरी मानेवर.
अकराचा इथेच राहतो.
त्याच्या एका टोकाला नवा हात बसवतात,
दुसरा हात जन्माचाच.
मग भट्टी. हातात हात.
दर गाठीला पाण्याचा एक कण सुटतो,
आणि ते पाणी वेळीच काढलं नाही
तर गाठी उसवायला लागतात.
ओदिल पाण्याकडेच बघत असते.

"झालं, हे कळतं कसं?"
ग्वेनाएल विचारतो. नवा आहे,
पडद्यावरचे आकडे बोट लावून वाचतो.
ती म्हणते, रवीचं ऐक.
आधी नुसती खळखळ,
मग काकवी ढवळल्यासारखं,
मग... तिच्याकडे मुरंबा घालणाऱ्या बायकांचा एक शब्द आहे,
आपण म्हणू, दोनतारी पाक.
तेव्हा रवी कण्हते. तेव्हा सोडायचं.

तीन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.
रवी थांबली.
एवढी शांतता ओदिलने त्या इमारतीत
एकदाच ऐकली होती, शहाण्णव साली.
मग नऊ दिवस छिन्नी-हातोडे घेऊन
भट्टीच्या पोटातला दगड फोडत बसले होते गडी.
आताही फोन, जनरेटर, साहेबाची परवानगी,
साहेबाच्या साहेबाची परवानगी.
वायरीच्या दुसऱ्या टोकाला
एरंडाचं गुऱ्हाळ चालूच राहिलं.
तिने खालचा व्हॉल्व्ह हाताने फिरवला.

कोवळाच उतरला सगळा.
गार पाण्यात पांढरे दोर पडत राहिले,
वाकवले की कडकन मोडणारे.
चार टन.
कागदावर तिचं नाव.

सकाळी सायकल ढकलत ती फाटकापाशी थांबते.
खिशात वीतभर तुकडा.
उतारावरून ट्रक येतो, चाळीस टनांचा,
वळणावर ब्रेक लागतात,
नळीतली हवा फुस्स करते.
ती नळी कुठल्या वर्षीची असेल,
कुणाच्या पाळीतली,
तो हिशेब ती उगाच करत राहते.
ग्वेनाएल मागून येतो, काही बोलत नाही,
सायकलचं मागचं चाक दाबून बघतो.
हवा कमी आहे, म्हणतो.