धाब्यावरचा धुडकू

बेटावदला आमच्या गल्लीत तेव्हा एकच टीव्ही,
झिपरू अण्णांच्या ओट्यावर, लाकडी शटरचा.
एकतीस डिसेंबरच्या रात्री
सगळी गल्ली गोधड्या घेऊन त्याच्यासमोर,
हाताला अजून भरताच्या धुराचा वास.

चित्र टिकायचं नाही,
म्हणून धुडकूला धाब्यावर चढवला,
अँटेनाचा पाइप धरून उभा राहायला,
कारण तो उंच, आणि त्याला नाही म्हणता यायचं नाही.
'दिखस का?'
'नही! जराक तापीकडे फिराव!'
'आते?'
'आते दिखस! हालू नको!'
तो हलला नाही.

खाली दोन विनोदी नट पॉप गायक झाले होते.
एकाच्या अंगात चमचमता कोट, रात्रीचा काळा चष्मा,
दुसरा बाई झालेला, केसांचा मनोरा एवढा
की पडद्यात मावेना.
गाण्यात शब्द तीनच, तेही पाय आपटून.
माइकची वायर पायातून कमरेला, कमरेवरून गळ्याला,
शेवटी पंख्याने टोप उडवला
आणि तो ढोलवाल्याच्या डोक्यावर जाऊन बसला.
ढोलवाला लगेच गायला लागला.

नक्कल कुणाची, आम्हाला ठाऊक नव्हतं.
अस्सल गायक बेटावदपर्यंत पोचलेच नव्हते.
पुढे धुळ्याला कॉलेजात मी खरी कॅसेट ऐकली,
वाटलं, हा बरा गातो,
पण टोप उडायची उगाच किती वाट बघायला लावतो.

त्या रात्री तोताराम टेलर हसता हसता
ओट्यावरून खाली आला.
देवकाबाईचं हसू उचकीसारखं,
संपलं संपलं म्हणेपर्यंत पुन्हा वर येणारं,
तिच्यामुळे आम्ही दुसऱ्यांदा हसलो,
तिसऱ्यांदा कशाला, ते आठवत नाही.

धुडकूच्या वाट्याला थंडगार लोखंड आणि हे आवाज.
उतरल्यावर त्याने विचारलं, 'काय व्हतं?'
प्रत्येकाने वेगळंच सांगितलं,
आणि सांगताना मध्येच हसून सोडून दिलं.

परवा भाच्याला मोबाइलवर तोच कार्यक्रम सापडला.
मी धुडकूतात्याकडे घेऊन गेलो,
चक्कीच्या बाकावर, पीठ झटकून बसवलं,
म्हटलं, घ्या, पस्तीस वर्षांची उधारी.
कोट आला, मनोरा आला, वायर गुंतली,
चित्र एकदाही हललं नाही.
टोप उडायच्या सुमारास बघतो तर
तात्याचे डोळे मिटलेले,
मान जरा वर, कान खाली.

'हाई ते नही,' तो म्हणाला.
'तेच आहे, तात्या.'
'नही. त्यामा देवकाबाई व्हती.'

भाच्याला काही कळलं नाही.
त्याने आवाज वाढवला.